जमाना बिघडल्याचा पुरावा

४ मे, रविवार
आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचायचं नाही. आमच्या गल्लीत वाचायच्या लायकीचं तसंही कुणी नाही.

विषय एकच: जमाना बिघडलाय. अख्ख्या सेगू शहरात, खरं तर अख्ख्या माली देशात, हे फक्त मला दिसतंय. बाकीचे फोनमध्ये.

आज रविवार, म्हणजे गल्लीत तीन लग्नं. लाउडस्पीकर, धूळ, मोटारसायकली मागच्या चाकावर. पूर्वी लग्न म्हणजे लग्न असायचं. मी बघितलेलं नाही, पण असणार.

वय सतरा, पण मनाने मी साठीचा आहे. चुकून उशिरा जन्मलो. नाव सिबिरी, आडनाव जारा. एके काळी जारा लोक या शहराचे राजे होते. आता एक जारा औषधाच्या दुकानावर वॉचमन आहे. ते बाबा. त्यांची बायको कोपऱ्यावर चवळीचे वडे तळते. ती आई. धाकटी बहीण सिरा वडे कमी विकते, तोंड जास्त चालवते. आणि मी विचार करतो. घरात कुणीतरी करायला पाहिजे.

५ मे
शाळा का सोडली ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला. शिक्षणाचा दर्जा घसरला होता. सर रोज एकाला फळ्यापाशी उभं करून धडा मोठ्याने म्हणायला लावायचे. हे काय शिक्षण? माझी पाळी आली त्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो. अजून परत आलो नाही.

बाबा म्हणतात तू घाबरलास. घाबरलो वगैरे काही नाही. निषेध केला.

७ मे
मोठा शोध लागला. लोक विचारपूस करायचे बंद झालेत. पूर्वी माणूस भेटला की हातात हात धरून सगळं विचारायचे. रात्र शांत गेली का, घरचे बरे का, पोरं बरी का, आईचा गुडघा कसाय, बकऱ्या कशा आहेत, काकाच्या गावी पाऊस झाला का. आता? "काय, बरं?" की झालं. मान परत फोनमध्ये.

विचारपूस गेली की समाज गेला. हे माझं स्वतःचं वाक्य आहे. उकिरड्यामागच्या बोळातून चाललो होतो तेव्हा सुचलं. मी नेहमी त्याच बोळाने जातो. मेन गल्लीत दारोदार म्हातारे बसलेले असतात आणि अडवून विचारत बसतात, रात्र शांत गेली का, घरचे बरे का. माणसाला कामं असतात.

९ मे
बाबांनी बॉम्ब टाकला. बकरीदच्या आत कुठेतरी कामाला लाग, नाहीतर निओनोला काकाकडे भातशेतीवर धाडतो. निओनो म्हणजे गुडघाभर चिखल. वर डास, खाली जळवा.

कुठे लागायचं तेही त्यांनीच सांगितलं. तिएमोको त्राओरे टेलर. बकरीदच्या कपड्यांचा ढीग पडलाय, त्यांना हाताखाली माणूस पाहिजे. बाबा म्हणाले, काही करायचं नाही रे, जायचं, नीट विचारपूस करायची, म्हणायचं काका मला शिकवा. एवढंसुद्धा जमणार नाही का तुला?

मी मान हलवली. हो की नाही ते त्यांनी बघून घ्यावं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ते काम मला पाहिजे. सेगूत मान वर करून बघावं असं एवढंच आहे. त्यांच्या दुकानावरून जाताना मी पाय हळू करतो, मशीनचा आवाज जरा जास्त ऐकू यावा म्हणून. बाबांच्या युनिफॉर्मची झिजलेली कॉलर मी उसवून, उलटी करून, हाताने परत शिवली. बाबांना वाटलं मालकाने नवा शर्ट दिला. मी सांगितलं नाही. मोठी माणसं सांगत नाहीत.

उद्याच जातो.

१० मे
गेलो नाही. आज शनिवार. शनिवारी कोण काम मागतं?

कट्ट्यावर गेलो. बालांझानच्या झाडाखाली आमचा कट्टा आहे. छोटी निळी किटली, कोळसे, तोच चहाचा पाला तीनदा उकळायचा. पहिला चहा कडू, तो मोठ्यांना. तिसरा नुसतं साखरेचं पाणी, तो मला. दहा-बारा बिनडोक पोरं आणि त्यांचा पुढारी ड्रामान, ज्याला आपण वकील आहोत असं वाटतं. तो मोबाइलची काच बदलतो.

आज मात्र बातमी होती. चोवीस तारखेला रेडिओवाले कट्ट्यावर येणार. जाहीर वाद: पूर्वीचं जगणं बरं की आताचं? ड्रामान अर्थातच आताच्या बाजूने. म्हणतो, पूर्वी पोरगी मागायला सासऱ्याची शेतं नांगरायला लागायची. आता मेसेज टाकला की पोरगी दोन मिनिटांत नाही म्हणते. केवढा वेळ वाचतो! सगळे खिदळले. ही यांची लेव्हल.

वर म्हणतो आमच्या बाजूने हायदारा आजोबा बोलणार. आता हे जरा जड आहे. हायदारा आजोबा म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातले, ऐंशीच्या पुढचे. बाबा त्यांचा हात दोन्ही हातांनी धरतात. एवढा म्हातारा माणूसच आता बरं चाललंय म्हणाला, तर पूर्वीच्या बाजूने काय बोंब मारायची?

ड्रामान मला म्हणाला, काय सिबिरीशेठ, तीन चहा झाले, तुझं एक वाक्य नाही. अरे आमची किटली तुझ्यापेक्षा जास्त बोलते.

मी फक्त हसलो. त्याच्यासारख्याला उत्तर देणं म्हणजे त्याला मोठं करणं.

११ मे
सिराने परस्पर कारभार केला. ड्रामानला जाऊन सांगितलं, माझा दादा पूर्वीच्या बाजूने बोलणार आहे. म्हणे घरात भिंतींना भाषणं देतोस, एकदा माणसांना दे.

रागावलो. नंतर विचार केला, बरंच झालं. सेगूला हे ऐकायची गरज आहे. भाषण: दहा मिनिटं. शेवटी लोक उभे राहतील.

१३ मे
टेलरकडे गेलो. जे झालं त्यात माझी काही चूक नाही.

आईने निघताना हातावर गरम वडे ठेवले. खात खात गेलो. उपाशीपोटी महत्त्वाची कामं होत नाहीत. दुकानात शिरलो, खाली बघून. मी माणसं चपलांवरून ओळखतो. तोंडाकडे टक लावून बघणं मला उद्धटपणा वाटतो. टेलर काकांच्या चपला हिरव्या प्लास्टिकच्या, डाव्या पायाचा पट्टा तारेने बांधलेला. मशीनखाली त्याच होत्या. विचारपूस सुरू करणार, तेवढ्यात काका ओरडले:

"या या, चवळीखाऊ जारा! कुणाचा हंडा रिकामा करून आलास? तोंडात काय आहे, दाखव बघू!"

तोंडात चवळीचा वडा होता.

दुकानात बसलेली गिऱ्हाइकं फुटली हसून. मी वडा गिळला. मग चपलांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घरी आलो.

राजांच्या वंशजाला अशी वागणूक.

संध्याकाळी
बाबांना कळलं होतं. गल्लीला सगळं कळतं. ओरडले: अरे गाढवा, तो त्राओरे आहे, आपण जारा! त्याने तुला चवळीखाऊ म्हणायचं, तू त्याला दुप्पट म्हणायचंस. आपल्या बापजाद्यांपासून हे थट्टेचं नातं आहे. त्याने तुला जवळचं मानलं, आणि तू मुंडी खाली घालून निघून आलास? त्याला काय वाटलं असेल? जाराने नातं तोडलं!

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण थट्टेलासुद्धा पूर्वी दर्जा असायचा. पूर्वीच्या त्राओरेंनी आधी माणसाला वडा गिळू दिला असता.

१६ मे
ठरलं. परत जाणार आणि उत्तर देणार. एक नंबरचं उत्तर. त्यानंतर काका मला मिठी मारतील आणि मशीनवर बसवतील. बाबांनीही तेच सांगितलं, एक शिवी घाल आणि काम घे.

सिरा त्राओरे झाली, मी प्रॅक्टिस केली. ती म्हणाली, दादा, अपमान झालाय असं वाटतच नाही. "काका, माफ करा, पण आपण चवळी खाता असं ऐकलं," असं कोण बोलतं?

तिला नजाकत कळत नाही. या पिढीला कळतच नाही. ती चौदाची आहे. माझ्या वेळचे चौदाचे असे नव्हते.

१८ मे
पुन्हा रविवार, पुन्हा लाउडस्पीकर. त्याचा एक फायदा झाला, गोंगाटात मोठ्याने प्रॅक्टिस करता आली. उत्तर तयार:

"ए चवळीखाऊ! तुझ्या आजीने हंडा चाटून चाटून त्याला भोक पाडलं, ते शिवायला तू टेलर झालास!"

सिरा चक्क हसली. आई कढईपाशी बसून हसली. मी आईला पहिल्यांदाच हसवलं असेन. आधी तिला वाटलं रेडिओ चाललाय.

बुधवारी जाणार.

२१ मे, बुधवार
अक्षर वाकडं येतंय. उन्हामुळे.

दुपारच्या नमाजनंतर गेलो. आज वडे नाहीत, तोंड रिकामं. दारातूनच बघितलं: मशीनखाली हिरव्या चपला, डाव्या पट्ट्याला तार. डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि एका दमात सगळं म्हटलं. चवळीखाऊ, आजी, हंडा, भोक, टेलर. एक अक्षर चुकलं नाही. आवाजही फुटला, चांगला मोठा फुटला. रस्त्यावरचं एक गाढव थांबलं.



मिठीची वाट बघितली. मग डोळे उघडले. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, चपलांच्या वर बघितलं. पांढरा झगा. जपमाळ. पांढरी दाढी.

हायदारा आजोबा.

टेलर काका दोरा आणायला बाजारात गेले होते, हे नंतर कळलं. आजोबा त्यांच्या खुर्चीवर बसून झग्याची वाट बघत होते. हायदारांशी आमचं थट्टेचं काही नातं नाही. हायदारांशी असलं बोलायची छाती या शहरात कुणाची नाही. त्यांनी खूप शांतपणे विचारलं, बाळ, तू कुणाचा?

मी पळालो. उकिरड्यामागच्या बोळाने.

२२ मे
सिरा चौकशी करून आली. मशिदीच्या दारात चपलांची अदलाबदल झाली होती. आजोबा चुकून टेलर काकांच्या घालून आले.

बघा. दोष कुणाचा? पूर्वी लोकांना मशिदीच्या दारात स्वतःच्या चपला ओळखू यायच्या. मी बरोबरच ओळखल्या. जमाना चुकीच्या पायात गेलाय.

हे भाषणात घेता येईल. नको.

२३ मे
भाषण पाठ. आरशासमोर तीनदा म्हटलं. आरसा गप्प राहिला, म्हणजे पटलं असावं.

२४ मे, संध्याकाळी
सविस्तर लिहितो, कारण आज इतिहास झाला.

कट्ट्यावर अख्खी गल्ली. आई वड्यांची परात घेऊन आलेली, बाबा ड्यूटी बदलून आलेले. टेलर काका पुढच्या बाकावर. मी झाडामागे, म्हणजे नीट विचार करता येईल अशा जागी. रेडिओवाल्याने माइक आधी हायदारा आजोबांना दिला. वय मोठं म्हणून. ड्रामान असा हसत होता, जसा वाद संपलाच.

आजोबा म्हणाले, मी दुष्काळ बघितले, टोळधाड बघितली, पाला उकडून खाल्ला. पूर्वीचं बरं होतं असं म्हणणाऱ्याने पूर्वीचं खाल्लेलं नसतं. आता नळाला पाणी आहे, पोरं देवीच्या रोगाने मरत नाहीत. आताचंच बरं आहे, असं मी मंगळवारपर्यंत म्हणत होतो.

रेडिओवाल्याने माइक आणखी जवळ धरला.

बुधवारी, ते म्हणाले, मी टेलरच्या दुकानात बसलो होतो. एक पोरगा आला. सलाम नाही, रात्र कशी गेली नाही, घरचे कसे नाही. डोळे मिटून उभा राहिला आणि माझ्या आजीवर घसरला. म्हणाला तिने हंडा चाटून भोक पाडलं. माझी आजी, जिने कधी...

पुढचं मी ऐकलं नाही. मी घरी यायला निघालो होतो. पळालो नाही, भरभर चाललो. मागे गल्लीचा एकच आवाज आला, शेकडो लोकांनी एकदम श्वास घेतल्यासारखा. लाउडस्पीकर दोन गल्ल्यांपर्यंत पुरला.

२५ मे
निकाल सिराने सांगितला. हात वर करून मतं घेतली. पूर्वीचं जगणं बरं: जवळजवळ सगळे. आताचं: ड्रामान आणि त्याचा एक मित्र. आजोबांनी स्वतःच बाजू बदलली, मग काय राहिलं?

म्हणजे आम्ही जिंकलो. ठरवलेली दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक शब्दही न बोलता अख्खं सेगू मी वळवलं. हे कोण करून दाखवेल? ड्रामान करून दाखवेल?

सिरा म्हणते, पुढचं तरी ऐक. मतं झाल्यावर टेलर काका उठले. आजोबांना म्हणाले, थांबा, थांबा, ती आजी तुमची नव्हे, माझी! ते सगळं मला होतं, तुमच्या पायात माझ्या चपला होत्या! आणि बाकावरून घसरले हसता हसता. म्हणाले, हंडा शिवायला टेलर झालो! पंचवीस वर्षांत कुठल्या जाराने मला असं तोडीचं दिलं नव्हतं. कुठाय तो? आणा त्याला! मग आजोबाही हसले. दाढी ओली होईपर्यंत हसले. म्हणाले, माझं काही म्हणणं नाही, फक्त एकदा येऊन नीट विचारपूस कर म्हणावं. आणि काका म्हणाले, त्यानंतर सरळ माझ्या दुकानात. तेच वाक्य एकदा माझ्या तोंडावर म्हणायचं आणि मशीनवर बसायचं. जागा ठेवलीय.

मतं मात्र कुणी परत घेतली नाहीत. रेडिओवाल्याला उशीर झाला होता.

तर आता एवढंच. आजोबांकडे जायचं, विचारपूस करायची. मग काकांकडे. नोकरी माझीच.

उद्या.

२६ मे
आजोबांना सोमवारी उपास असतो. उपाशी माणसाला त्रास देणं बरं नाही.

२७ मे
आजोबांच्या दारात गेलो. आत पाहुणे होते. त्यांच्या पाच जोड चपला. परत आलो. अशा गोष्टी गर्दीत करायच्या नसतात.

२९ मे
आज दारात पाहुणे नव्हते. फारच शांत होतं. इतक्या शांततेत विचारपूस केली तर मुद्दाम केल्यासारखी वाटली असती.

बाबा विचारतात, गेलास का? म्हटलं, चाललंय. हे खोटं नाही. चाललंय.

१ जून
टेलर काकांनी सिराकडे पुन्हा निरोप दिला: त्या चवळीखाऊला सांग, कपड्यांचा ढीग माझ्या डोक्यावरून गेला. मी वाट बघतोय, पण बकरीद वाट बघत नाही.

उतावळे लोक. पूर्वीचे गुरू शिष्याची वर्षानुवर्षं वाट बघायचे. मी ऐकलेलं नाही, पण बघत असणार.

सिरा म्हणाली, चल दादा, मी सोबत येते, तू नुसता उभा राहा, मी बोलते. मी म्हटलं, मला मदत लागत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. सिरा बोलली नाही, म्हणजे जमाना खरंच बिघडलाय.

३ जून
मेन गल्लीतून गेलो! मुद्दाम! तीन म्हाताऱ्यांनी हाक मारली, हंडावाला आला, हंडावाला आला. हसत होते. चिडवत नव्हते, तसं आईचं म्हणणं. मी मान खाली घालून झपझप पुढे. टेलर काकांच्या दारापर्यंत पोचलो. मशीन चालू होतं. ऐकत थांबलो. वाक्य तोंडात तयार होतं, ए चवळीखाऊ. आतून काका म्हणाले, कोण आहे रे दारात?

कुणी नाही, म्हटलं.

हे मोठ्याने म्हटलं हे मात्र खरं.

५ जून
काकांनी दुसरा पोरगा ठेवला. कुलिबाली आडनावाचा, कापडाच्या गठ्ठ्याएवढा. रस्त्यातल्या प्रत्येकाला तीनदा विचारपूस करतो. असले लाळघोटे लोकच पुढे जातात हल्ली. गुणांची कदर संपली.

बाबांनी ड्यूटीवरून आल्या आल्या निओनोच्या काकाला फोन लावला.

७ जून
बकरीद. बोकड कापला, मी कातडं धरलं. नवा शर्ट टेलर काकांकडूनच आला, बाबांनी माझ्यासाठी शिवायला टाकला होता. कॉलर वाकडी आहे. कुलिबालीच्या पोराचं काम. उजवीकडून अर्धं बोट वर. मी असतो तर उसवून सरळ केली असती.

रात्री न बसता आत्ताच लिहितोय, कारण सकाळची बस आहे. बसवाले पूर्वी वेळेवर निघत नव्हते, आता निघतात. कशाला?

१२ जुलै, निओनो
लिहायला आज टाइम मिळाला. पाऊस आहे, लावणी थांबलीय.

चिखल सांगितला होता त्याहून जास्त. जळवा पण. इथली पोरं पहाटेपासून एकमेकांची विचारपूस करतात, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ओरडून. रात्र शांत गेली का, घरचे बरे का, बैल बरे का, आणि रात्रभर सगळे एकाच झोपडीत झोपलेले असतात. काय गरज आहे?

काल काकांच्या शेजारी वाकून रोपं लावत होतो. काका कमी बोलतात, म्हणून त्यांच्याबरोबर जमतं. मला एकदम वाटलं की आता बोललं पाहिजे. म्हणालो, काका, आता सगळं बिघडलंय. पूर्वी किती बरं होतं.

काकांनी पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला, आभाळाकडे बघितलं. मग विचारलं, पूर्वी म्हणजे कधी रे?

मी खूप विचार केला. सगळे राजे, सगळी जुनी लग्नं, न बघितलेलं सगळं डोळ्यांपुढून गेलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

मे महिन्यात, म्हणालो.